आत्मविश्वास वाढवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली ‘विद्यार्थ्यांनी आत्मविश्वासाने मुलाखतीला सामोरे जावे’ ही बातमी वाचली. फोटोही पाहिला. व्यासपीठावर पाहुणे, अध्यक्ष, प्रास्ताविक करणारे, आभार मानणारे असे सगळे दिसले. ज्यांनी सामोरे जायचे, त्यांच्यापैकी एकही चेहरा दिसला नाही. असो, जागेची अडचण असेल.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) माझी नोकरी झाली आणि शेवटची काही वर्षे नव्या पोरांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे होते. त्या भांडवलावर शहरातल्या एका कॉलेजने मला ‘मॉक इंटरव्ह्यू’ म्हणजे सरावाच्या मुलाखती घ्यायला बोलावले होते. त्या दिवसाबद्दल लिहायचे नाही असे ठरवले होते, पण कालच्या बातमीने राहवले नाही.

खानापूर भागातला एक मुलगा समोर आला, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा. बसायच्या आधीच ‘मायसेल्फ अमुक तमुक’ सुरू. वडील शेतकरी, आई गृहिणी, छंद क्रिकेट, ध्येय नामांकित कंपनीत काम करणे. सगळे एका दमात, नजर टेबलावर. त्याच्या आधीच्या मुलीने आणि नंतरच्या मुलानेही हेच म्हटले. कुणीतरी फळ्यावर लिहून दिले असणार. मी त्याला मराठीत विचारले, ‘सकाळी कॉलेजला यायच्या आधी काय करतोस रे?’ म्हणाला, ‘गावातल्या दूध डेअरीत असतो सर.’ मग पोरगा खुलला. दुधाचे फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) लावायचे, त्यावर दर काढायचा, दर दहा दिवसांनी बिले करायची, उचल वजा करायची. एका वडीलधाऱ्या माणसाच्या दुधाचे फॅट सारखे कमी लागत होते. त्यांनी भर डेअरीत आवाज चढवला, तेव्हा याने त्यांच्यासमोरच दुसऱ्यांदा नमुना लावून दाखवला आणि ‘काका, आता तुम्हीच आकडा वाचा’ म्हणाला. हे सांगताना त्याची नजर टेबलावर नव्हती. मी विचारले, हे बायोडाटात का नाही लिहिलेस? तर म्हणे, ‘ते काय काम आहे का सर?’

संपादक महोदय, हिशेब, वसुली आणि चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करणे, या तिन्हीसाठी माणूस मिळत नाही म्हणून आमचे मालक डोके धरून बसायचे. आणि हा पोरगा क्रिकेट लिहून आला होता!

त्याला एवढे समजावून सांगेपर्यंत शिपाई आला. प्रमुख पाहुणे आले होते, हॉल रिकामा हवा होता. निम्मी मुले बाहेर रांगेत तशीच राहिली. पुढचा बराच वेळ स्वागतगीत, परिचय, शाल आणि श्रीफळ. गावाकडची मुले घड्याळाकडे बघून एकेक उठत होती, कारण संध्याकाळी बस चुकली तर दुसरी कधी येईल आणि आलीच तर थांब्यावर थांबेल का, याची खात्री कुणालाच नसते. (त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल.) पाहुण्यांनी सांगितले, आत्मविश्वास वाढवा. टाळ्या वाजल्या.

आम्ही मुलाखत घेणाऱ्यांनी प्रत्येक मुलासाठी शेऱ्यांचा एक कागद लिहिला होता: काय चांगले, काय सुधारायचे, पुढच्या वेळी काय सांगायचे. पुढे त्यातली एक मुलगी गोगटे सर्कलजवळ भेटली. तिला कागद मिळालाच नव्हता. कॉलेजात चौकशी केली तेव्हा उत्तर आले, ‘सर, ते नॅकच्या फाइलला लावलेत.’ नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था. म्हणजे मुलांच्या चुका तिच्या समितीला कळणार, मुलांना नाही.

बेळगावात व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, १९९८ पासून आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० ला आले, विद्यापीठाच्या कामासाठीच्या धारवाडच्या फेऱ्या वाचल्या. उद्यमबाग, मच्छे इथे कारखाने आहेत. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या कारखान्याला शिकाऊ मुले घ्यावीच लागतात. हे किती कॉलेजांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगितले? सुट्टीत एखाद्या कर सल्लागाराकडे बसलेला मुलगा ‘महिन्याचा जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या आत’ एवढे सहज बोलून गेला, तरी समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. तसेच भाषेचे. आमची पोरे घरी मराठी, बाजारात कन्नड, परगावच्या मित्रांशी हिंदी बोलतात. माल पुण्या-कोल्हापूरला जाणार आणि कामगार बैलहोंगल-गोकाकचा, अशा कारखान्यात ही मोठी जमेची बाजू आहे. पण मोडक्या इंग्रजीच्या लाजेत पोरे मुलाखतीत गप्प बसून येतात. कर्नाटक सरकार पदवीनंतर १८० दिवस नोकरी नसेल तर युवानिधी या बेरोजगार भत्त्याचे महिना ३००० रुपये देते, दोन वर्षांपर्यंत. चांगलेच आहे. पण ते १८० दिवस सुरू होण्याआधी कॉलेजकडे तीन वर्षे असतात, त्यांचे काय?

आता थोडे आपल्याबद्दल, राग नसावा. रोजगार मेळाव्याच्या बातम्या आपल्याकडे नेहमी ‘उत्साहात संपन्न’ झाल्यावरच येतात. उद्घाटन कुणी केले, दीप कुणी लावला, सगळे तपशीलवार. मेळावा होणार आहे, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, ही कागदपत्रे आणा, हे आठवडाभर आधी चार ओळींत छापले तर नंदगडच्या आणि निपाणीच्या मुलांना येता तरी येईल. जागा कमी पडत असेल तर व्यासपीठाचा फोटो अर्धा कॉलम लहान करावा, आणि तो मुळीच नाही छापला तरी माझी तक्रार नाही.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फाउंड्री कर्मचारी, अनगोळ, बेळगाव