रॅकेटला तारा ओवणाऱ्या गटिंगवाल्या काकांना, वहीतल्या त्या कोऱ्या पानासाठी

काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण वाचताना कळेलच.

सोमवारी डब्ल्यूटीएची, म्हणजे महिला टेनिसच्या जागतिक क्रमवारीची, नवी यादी आली आणि तिच्यात माझ्या लेकीचं नाव आहे. खूप खाली आहे, पण आहे. एकूण १० गुण झाल्याशिवाय, नाहीतर तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण कमावल्याशिवाय नाव त्या यादीत चढत नाही. १५ हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत मेन ड्रॉचा, म्हणजे मुख्य फेरीचा, पहिला सामना जिंकला की हाती एक गुण पडतो. असे तीन स्पर्धांत एकेक करून तिने तीन जमवले. तुम्हाला फोन लावला होता, पण तुमचा 'हॅलो' ऐकला आणि बोलवेना. म्हणून लिहिते आहे.

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, तिच्या पायाच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. त्यानंतर सात महिने ती कोर्टाबाहेर होती. ज्या अकादमीत आम्ही आठ वर्षं तिला पहाटे साडेपाचला सोडत होतो, तिथे महिन्याच्या आत तिची वेळ दुसऱ्या मुलीला देऊन टाकली. त्याचंही एक वेळ समजून घेतलं असतं. पण आम्हाला बोलावून सांगितलं, "एकोणिसाव्या वर्षी एवढा खंड पडला की मुली परत येत नाहीत. आता कॉलेजचं बघा." ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती, कुबड्या मांडीवर आडव्या धरून. तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. आज त्याच ठिकाणी तिचा फोटो आणि अभिनंदनाचा फलक लागलाय. तो पाहून मला आनंद झाला नाही, हे मी लपवणार नाही.

त्या एप्रिलमध्ये पुण्यात बालेवाडीला बिली जीन किंग कपच्या, म्हणजे महिलांच्या सांघिक टेनिस स्पर्धेच्या, लढती होत्या. पायात तो जाड बूट घालून ती रोज स्टँडमध्ये येऊन बसायची. श्रीवल्ली भमिडीपाटीने आपले पाचही एकेरीचे सामने जिंकले आणि भारत पुढच्या टप्प्यात, प्ले-ऑफमध्ये, पोहोचला. सगळे उभे राहून ओरडत होते. माझी मुलगी टाळ्या वाजवत होती आणि डोळे पुसत होती. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाली, "आई, मला कुणी विसरलं तर नसेल ना?" मला उत्तर सुचलं नाही.

ते उत्तर सप्टेंबरात तुमच्या दुकानात मिळालं.

डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली त्याच संध्याकाळी आम्ही दोन रॅकेट घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही "कुठे होतीस इतके दिवस" असं विचारलं नाहीत, पाय कसा आहे तेही नाही. वही काढलीत. प्रत्येक मुलाचं एक पान, त्यावर तारीख, कुठले गट्स, म्हणजे तारा, आणि त्या किती पौंडांनी ताणलेल्या. तिच्या पानावर फेब्रुवारीतली शेवटची ओळ होती, ५२ पौंड, आणि खाली सगळं कोरं. मी त्या वहीची पुढची-मागची पानं पाहिली आहेत, काका. खेळ सोडून गेलेल्या मुलांच्या पानांवर खालच्या अर्ध्या भागात दुसऱ्यांच्या नोंदी आहेत. तुम्ही कागद वाया घालवत नाही. तिच्या पानावर मात्र सात महिन्यांत दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं नव्हतंत.

त्या कोऱ्या जागेत तुम्ही तारीख घातलीत आणि पुढे लिहिलंत, ४६.

ती म्हणाली, "काका, माझं बावन्न असतं."

तुम्ही कात्रीने जुने गट्स कापता कापता म्हणालात, "माहितेय. बावन्नला येऊ आपण, सावकाश."

तारांचं टेन्शन, म्हणजे ताण, कमी ठेवलं की कमी जोर लावूनही चेंडू लांब जातो आणि हाताला हिसका कमी बसतो, हे मला नंतर तिने समजावलं. सात महिने डॉक्टरांसकट आम्ही सगळे तिच्या पायाकडे बघत होतो. तिचा खांदा आणि मनगटही तेवढेच दिवस बसून होते, हा विचार एकट्या तुमच्या मनात आला. आणि 'येऊ आपण' म्हणालात. त्या 'आपण'वर ती घरी येईपर्यंत काही बोलली नाही. रात्री मात्र तिने बॅग भरून दाराशी ठेवली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

निरुपमा वैद्यनाथनने १९९८ साली ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मुख्य फेरीचा सामना जिंकला, सानिया मिर्झाने २००५ मध्ये हैदराबादला डब्ल्यूटीएचं विजेतेपद मिळवलं, हे आम्ही लेकीला लहानपणापासून सांगत आलो. त्या गोष्टींत आई-वडील असतात, कोच असतात. गटिंग करणारा माणूस कधीच नसतो. ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासोबत हांगझोऊच्या आशियाई खेळांत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा तुम्ही दुकानात आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला होतात. आपल्याच घरातली मुलगी जिंकल्यासारखे दिसत होतात. मला वाटतं, तुम्हाला सगळीच मुलं तशी दिसतात, जिंकणारीही आणि कुबड्या घेऊन बसलेलीही. माणूस पडलेला असताना त्याची जागा धरून ठेवणारे लोक फार थोडे भेटतात. आम्हाला एक भेटला, घरापासून दहा मिनिटांवर, मशीनपुढे स्टुलावर बसलेला.

जानेवारीत तिच्या ओळीत पुन्हा ५२ लागलं. त्या दिवशी तिने पानाचा फोटो काढला. तो अजून तिच्या मोबाइलच्या पडद्यावर आहे.

गुरुवारी ती तीन रॅकेट घेऊन येईल, शनिवारी निघायचंय. सप्टेंबरातल्या त्या दोन रॅकेटचे पैसे तुम्ही घेतले नव्हते. ते मी तिच्याकडे पाकिटात घालून देते आहे. नाही म्हणू नका. आणि पान आता भरत आलंय, तेव्हा पुढचं तिलाच उघडू द्या.

तुमच्या त्या पोरीची आई