तरणतलाव उपसू नका, आहे त्या पाण्यावरच काम होईल

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहरचना संस्था, वाघोली, पुणे

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

विषय : बंद तरणतलाव पुन्हा सुरू करण्याबाबत

स.न.वि.वि.

तलाव पूर्ण उपसायचा, आतून रंग मारायचा आणि टँकरने पुन्हा भरायचा, असा प्रस्ताव २४ तारखेच्या सभेपुढे येत असल्याचं परिपत्रक वाचलं. माझा विरोध उपसण्याला आहे. ते टळलं तर बाकीचा बराचसा खर्च आपोआप टळेल.

आपला तलाव १५ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल आहे. म्हणजे सव्वा लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे बारा-तेरा टँकर. एप्रिल-मे महिन्यात टँकरवरून गेटवर काय काय ऐकायला मिळतं ते समितीला मी सांगायला नको. शिवाय टँकरने येणार ते बोअरचं जड पाणी, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवणारं. तलावात आत्ता आहे ते पाणी हिरवं दिसत असलं तरी दोन पावसाळ्यांनी त्याचा जडपणा कमी केलाय. पैसे मोजून वाईट पाणी कशाला आणायचं?

त्यातही ऑगस्टमध्ये तलाव रिकामा करणं धोक्याचं आहे. जमिनीतलं पाणी या दिवसांत वर आलेलं असतं. तलाव भरलेला असतो तोवर आतल्या पाण्याचं वजन त्या दाबाला तोलून धरतं. रिकामा केला की तोच दाब तळाला खालून उचलतो, टाइल्स सुटतात, प्रसंगी स्लॅबला तडा जातो. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये याचा उल्लेख नाही. बहुधा पुढच्या कोटेशनमध्ये असेल.

रविवारी दुपारी मी पाणी तपासलं. पीएच (पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्कलीकडे, त्याचं माप) ८.४, क्षारता, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद, जेमतेम ४० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), क्लोरीन शून्य. शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून पीएच एवढा वर गेलाय. अशा पाण्यात नुसतं क्लोरीन ओतलं तर ते वाया जातं. पीएच ७.५ असताना निम्मं क्लोरीन जंतू मारणाऱ्या रूपात असतं, ८ ला ते पाव हिस्साच उरतं आणि ८.४ ला त्याहूनही कमी. तलाव चालू होता तेव्हा 'औषध टाकतोय तरी पाणी हिरवं' ही तक्रार दर महिन्याला यायची. पीएच कोणी मोजतच नव्हतं, तर दुसरं काय होणार?

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी खायचा सोडा टाकून क्षारता ९० च्या आसपास आणायची. आपल्या तलावाला साधारण साडेदहा किलो लागेल. मग थोडं थोडं अ‍ॅसिड घालून पीएच ७.२ ते ७.४ वर उतरवायचा. मग सूर्य मावळल्यावर ६५ टक्केवालं दाणेदार क्लोरीन, दोन किलोच्या आसपास, म्हणजे १० पीपीएमचा डोस. दिवसा टाकलं तर ऊनच ते खाऊन टाकतं. भिंती ब्रशने घासायच्या, पंप रात्रभर चालू. संध्याकाळचं क्लोरीन सकाळी १ पीपीएमहून जास्त घटलेलं दिसलं, तर शेवाळ अजून जिवंत आहे असं समजून पुन्हा डोस द्यायचा. हिरवं पाणी आधी राखाडी, मग दुधी होतं. तेव्हा तुरटी टाकून पंप बंद ठेवला की रात्रीत गाळ तळाशी बसतो. तो व्हॅक्यूमने थेट बाहेर काढायचा, फिल्टरमधून न्यायचा नाही. हे पाणी एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) लाइनला मात्र कृपा करून सोडू नका, क्लोरीनने तिथले जिवाणू मरतील आणि मग बी विंगला वास सहन करत बसावं लागेल.

खरा दोष पाण्यात नाही, पंपरूममध्ये आहे. मॅनेजरसमोर सँड फिल्टरचं झाकण उघडून पाहिलं. आत वाळू अशी राहिलेलीच नाही. तेल आणि गाळ धरून तिचे लिंबाएवढे चिकट गोळे झालेत आणि पाणी त्यांच्यामधल्या फटींतून न गाळताच पलीकडे जातंय. प्रेशर गेजचा काटा कधीचा अडकलाय, त्यामुळे बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं, केव्हा करायचा हे कळायला मार्गच नव्हता. पझेशनपासून ही वाळू बदलल्याची नोंद सापडत नाही. वीजबिल वाचवायला पंप दिवसातून दोन तास चालवला जायचा, तेवढ्यात सगळं पाणी एकदाही फिल्टरमधून जात नाही. रंगावर खर्च करायच्या आधी वाळू आणि गेज बदला.

त्याच खोलीत टीसीसीएच्या (हळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्यांचा डबा आणि ब्लीचिंग पावडरची उघडी गोणी शेजारी-शेजारी आहे, वर गळका पाइप. या दोन्ही वस्तू एकमेकांत मिसळल्या तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. अ‍ॅसिडचा कॅनही तिथेच आहे, आणि अ‍ॅसिड क्लोरीनला लागलं की विषारी वायू सुटतो. सभेची वाट न पाहता आजच ही तिन्ही एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या कोरड्या जागी हलवावीत. तळाच्या जाळीचे दोन स्क्रूही गायब आहेत. पंपाच्या ओढीने लहान मुलाचे केस किंवा हात तिथे अडकू शकतो, तेव्हा जाळी पक्की बसल्याशिवाय कोणालाही पाण्यात सोडू नये.

यंदा गणपतीचं विसर्जन 'नाहीतरी बंदच असलेल्या' तलावात करावं, अशी एक सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय. ती मान्य करू नये. पीओपीने पाण्याचा जडपणा वाढेल आणि रंग फिल्टरमध्ये जाईल. मूर्ती विरघळवायला महापालिका देते ते अमोनियम बायकार्बोनेट टाकलं, तर अमोनिया क्लोरीनला धरून क्लोरामाइन तयार करेल. डोळे चुरचुरतात आणि 'क्लोरीन जास्त झालं' असं आपण म्हणतो तो वास क्लोरामाइनचाच, आणि तो येतो तेव्हा बहुतेक वेळा क्लोरीन कमीच पडलेलं असतं. विसर्जनाला बागेजवळ वेगळा हौद ठेवू, मी वर्गणी देतो.

डासांसाठी सोडलेले गप्पी मासे अजून तलावात आहेत. क्लोरीनच्या आधी ते काढून बागेतल्या टाकीत ठेवावे लागतील. मुलांना चाळण्या दिल्या तर एका सकाळचं काम आहे. नदीत मात्र सोडायचे नाहीत.

तलाव सुरू झाल्यावर पंप दिवसाला किमान आठ तास चालवावा आणि पंपरूमला एक वही लटकवावी, सकाळ-संध्याकाळ पीएच आणि क्लोरीन, आठवड्याने क्षारता. सध्याचं पिवळ्या थेंबांचं ओटीओ किट फक्त एकूण क्लोरीन दाखवतं, कामाचं किती ते सांगत नाही. त्याऐवजी कामाचं क्लोरीन वेगळं दाखवणारं डीपीडी किट घ्यावं. टीसीसीएच्या गोळ्याच वर्षानुवर्षं टाकत राहिलं तर पाण्यात सायन्युरिक अ‍ॅसिड साठत जातं आणि क्लोरीन मंदावतं. ते ५० पीपीएमच्या पुढे गेलं तर उन्हाळ्याआधी, जमीन कोरडी असताना, थोडं पाणी बदलू. तेवढंच.

सभेच्या विषयपत्रिकेत 'तलाव उपसणे' याऐवजी 'फिल्टरची वाळू व गेज बदलणे आणि आहे त्या पाण्याचे शुद्धीकरण' असा विषय घ्यावा, ही विनंती. वाळूचं कोटेशन दोन ठिकाणांहून मागवून २४ तारखेला मी घेऊन येतो. रसायनं हलवली का, तेवढं मॅनेजरकडून आज कळवावं.

कळावे,
आपला,
सभासद, सदनिका बी-७०४