चोवीस लाडू, प्रत्येकी 19 ग्रॅम

मुलुंड
रविवार, रात्रीचे साडेबारा

प्रिय चिमणे,

आधी काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. एप्रिलपासून तुझ्या प्रत्येक मेसेजला नुसता अंगठा पाठवतेय, वास्तुशांतीलाही आले नाही, आणि आता एकदम हे लांबलचक. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं, पण असलं काही तिथे वाचलंस की तू लगेच फोन करणार आणि चिंगी बाजूच्या खोलीत जागी आहे. म्हणून मेल.

तब्येत बरी. माझं एचबीएवनसी 6.1 आलं, म्हणजे डायबेटिस अजून घरात नाही पण दारात चपला काढतोय. सासूबाईंचा गुडघा होता तसाच. झालं.

तर त्या 6.1 पासून आमच्याकडे हेल्दीचं वारं शिरलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, ओट्स आले, डिजिटल वजनकाटा आला आणि मी रील्स बघून ते नो-बेक बाइट्स करायला लागले. नो-बेक म्हणे! आपल्या आयांनी दाण्याचे लाडू कधी ओव्हनमध्ये घातले होते गं? पण बाइट्स म्हटलं की चिंगी मोबाईल ठेवून किचनमध्ये येते, म्हणून मीही बाइट्सच म्हणते.

पहिला घाणा पार फसला. ऑफिस सुटल्यावर क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत जाऊन तो खोक्यातला इराणी काळा खजूर आणला, इतका मऊ की बी काढताना अर्धा बोटालाच लागतो, आणि मी शहाणी तो वर गरम पाण्यात भिजवत बसले. भिजवायचा असतो तो सुका, दाबून पॅक केलेला. नुसता चिखल झाला. त्यात खजूर मिक्सरच्या पात्याखाली जाऊन बसला, मिक्सर दोनदा कण्हला आणि गप्प, वर जळका वास. मी म्हटलं गेला मिक्सर. तर चिंगीने शांतपणे तो आडवा केला, बुडाखालचं लाल बटण दाबलं आणि म्हणाली, "ओव्हरलोड झालाय आई, थोडा थोडा घाल." काय कौतुक वाटलं होतं मला तेव्हा.

मग सगळा कारभार तिनेच घेतला. ओट्स 150 ग्रॅम मंद आचेवर भाजायचे, रंग बदलू द्यायचा नाही, खमंग वास आला की बास (पावसाळ्यात हे हवंच, नाहीतर उघडं पाकीट दुसऱ्या दिवशी सादळलेलं असतं). निम्मे भरड काढायचे, निम्मे अख्खे. खजूर 200, भाजलेले दाणे 75, काळ्या मनुका आणि जर्दाळू मिळून 50, वेलची, चिमूटभर मीठ. मळलं की अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचं, ओट्स ओल पिऊन घेतात आणि गोळा आपोआप आवळतो. सैल वाटला म्हणून लगेच आणखी ओट्स कोंबायचे नाहीत, मी तेच करायचे आणि मग ते गोट्यांसारखे कडक व्हायचे. केळं घातलंस तर दोन दिवसांत संपव.

आता ऐक. गेल्या रविवारी तिने एकटीने केले. हाताला तुपाचं बोट लावून एकेक वळायची आणि काट्यावर ठेवायची. 20 आलं तर नखाएवढं काढायचं, 18 आलं तर तेवढंच चिकटवायचं. चोवीसच्या चोवीस 19 ग्रॅम. वहीत हिशोब मांडला, एकात 69 कॅलरी. मग सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवून बाबाला चार, आजीला दोन, शेजारी वाटीभर, वॉचमनला, क्लासच्या मैत्रिणींना वेगळा डबा. मला स्वतःच्या हाताने भरवला आणि मी चावत असताना माझ्या तोंडाकडे बघत राहिली, "कसा झालाय? मऊ आहे ना?" तिने एक नाही खाल्ला चिमणे. बोटाला चिकटलेलंसुद्धा चाटलं नाही, सरळ नळाखाली हात धरला.

आणि मला तू दिसलीस. कॉलेजच्या जिन्याखाली काकूंच्या साबुदाणावड्यांचा डबा उघडून सगळ्यांना वाढणारी. "मी घरून खाऊन आलेय." आम्ही हावरटासारख्या खायचो आणि वर म्हणायचो, काय दिलदार पोरगी आहे. पाळी थांबल्याचं तू मला गाडीत सांगितलंस, दादर ते माटुंगा एवढ्या वेळात, आणि मी तोंड उघडायच्या आत उतरून गेलीस.

चिंगीचं पॅडचं पाकीट जूनपासून कपाटात तसंच आहे. मला दिसत होतं गं. दहावीचं टेन्शन असेल म्हणून मीच कपाट लावून घेत होते. नवरा म्हणतो, वयच असतं ते, आणि ओट्सच खातेय ना, पिझ्झा तर नाही! अरे, पण खातेय कुठे? खिलवतेय.

वजनकाटा मीच आणला. जेवताना रोज "बघ किती सुटलेय मी" कोण म्हणतं, तर मीच. खजूर म्हणजेही शेवटी साखरच, फक्त सोबत फायबर, हे लेक्चर तिला मीच दिलं. मे महिन्यात लग्नात नणंद म्हणाली, "अगंबाई, छान बारीक झालीस की!", तेव्हा चिंगीच्या आधी मी हसले होते, ते आठवलं की पोटात खड्डा पडतो.

बुधवारी मी काकू झाले. ताटासमोर बसले आणि म्हटलं, वरणभात संपल्याशिवाय उठायचं नाही. तिने संपवला, एकेक घास माझ्याकडे बघत, एक शब्द न बोलता. नंतर बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. नुसता नळच असेल. मी बाहेर उभी होते आणि दार वाजवायचा धीर झाला नाही.

तेव्हा काकूंना जाऊन सांगणारी मीच, आणि तू मला चुगलखोर म्हणून प्रिलिमपर्यंत बोलली नाहीस. नोट्ससुद्धा तिसऱ्याच मुलीच्या हाती परत पाठवल्यास. (अकाउंट्सच्या माझ्याच होत्या, यावर मी आजही ठाम आहे.) पुढे आपण ते कधी काढलंच नाही. तू बरी झालीस, लग्न झालं, आता माझ्यापेक्षा जास्त पुरणपोळ्या हाणतेस, मी समजले विषय संपला. पण आता मला विचारायचंय. मी सांगितलं ते चुकलं का? की सांगितलं ते बरोबर आणि काकू स्टूल घेऊन समोर बसल्या ते चुकलं? त्या वेळी तुला कुणी नेमकं काय बोलायला हवं होतं? का काहीच न बोलता नुसतं शेजारी बसून आपलं आपलं जेवायला हवं होतं?

शुक्रवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय. तिला सांगितलंय पाळीसाठी, म्हणजे खोटं नाही पण अर्धंच. बाकीचं डॉक्टरांना आधी एकटीने फोनवर सांगेन. वजनकाटा माळ्यावर टाकला होता, तर तिने दुसऱ्या दिवशी शोधून ओट्यावर आणून ठेवला, मी काही बोलले नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकाची मेरिट लिस्ट लागली का? फोटोत फ्लॅट झक्कास दिसतोय, ओट्याला पांढरा दगड का घेतलास पण, हळदीचे डाग पडतील तेव्हा माझी आठवण काढ.

यातलं काही कुणाला सांगू नकोस, हे मी तुला सांगतेय, हसू नकोस.

गुरुवारी साडेपाच ते सात ती क्लासला असते, तेव्हा फोन कर. नाही उचलला तर परत लाव, मिक्सर चालू असेल.

तुझी,
चुगलखोर