मैदानावरच्या सरांचे आणि ताईंचे मनापासून आभार

बेळगावच्या टिळकवाडी, शहापूर, कॅम्पपासून खानापूर, निपाणीपर्यंत सुट्टीच्या दिवशी एक पैसाही न घेता मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या सर्व सरांचे आणि ताईंचे जाहीर आभार. नावे नकोत, असा तुमचाच आग्रह. मग निदान काम तरी सांगू द्या.

८ वर्षांखालच्यांना ३ नंबरचा, १२ पर्यंत ४ नंबरचा आणि पुढे ५ नंबरचा चेंडू तुम्ही देता. मोठा चेंडू लहान पायाला जड जातो, मग पोर बोटांच्या टोकाने मारायला लागते आणि ती सवय लवकर सुटत नाही. हवा भरताना सुई ओली करूनच घालता. कोरडी खुपसली की व्हॉल्व्ह फाटतो. वीस मुलांची एकच रांग न लावता चार-चारांचे छोटे सामने खेळवता, त्यामुळे बुजऱ्या मुलाच्या पायाशीही चेंडू येतोच. याचे मोल आम्हाला सर्वांत जास्त वाटते.

पावसाळ्यात लाल माती बुटांच्या तळाला गच्च चिकटते, पाय घसरतो, घोटा मुरगळतो. आधी मैदानभर फिरून खडे, काचा वेचणारे, गोलपोस्ट हलत नाही ना हे बघणारे, फडक्यात बर्फ गुंडाळून १५ मिनिटे घोट्यावर धरणारे तुम्हीच. मराठीत कळले नाही तर कन्नडमध्ये, नाहीतर हिंदीत सांगता. पण आवाज चढवत नाही.

पालकांनो, नडगीला मार लागू नये म्हणून बांधायचे शिनगार्ड घरूनच घालून पाठवा, आणि सामना चालू असताना रेषेबाहेरून सूचना देऊ नका. सरांना तेवढीच मदत होईल.