दिवा हिरवाच, फिल्टर मात्र निकामी : एक तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : एअर प्युरिफायरच्या फिल्टरची क्षमता मुदतीआधीच घटणे आणि आपल्या विभागाने दिलेला चुकीचा लेखी सल्ला

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा एअर प्युरिफायर घेऊन मला नऊ महिने झाले. सोबत एक जादा फिल्टरही घेतला होता. फिल्टर वर्षभर चालेल आणि बदलायची वेळ आली की दिवा लाल होईल, असं माहितीपुस्तिकेत लिहिलं आहे. दिवा आजही हिरवा आहे. माझी तक्रार त्या हिरव्या दिव्याबद्दलच आहे.

यंत्र आणलं त्याच आठवड्यात मी एक प्रयोग करून वहीत लिहून ठेवला होता (भौतिकशास्त्र शिकवते, खोड जात नाही). झोपायच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घ्यायची, एक काडी ओढून विझवायची, धूर खोलीभर पसरू द्यायचा आणि यंत्र मधल्या वेगावर लावून कणमापकावरचा आकडा निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. नव्या फिल्टरला 12 मिनिटं लागली. आठव्या महिन्यात तीच खोली, तोच वेग, तोच मीटर, आणि 31 मिनिटं. लागोपाठ तीन संध्याकाळी मोजलं, फरक मिनिटभराचाच आला.

तक्रार नोंदवल्यावर आपले तंत्रज्ञ आले. त्यांनी फिल्टर काढून उजेडात धरला, हवा बाहेर येते तिथे टिश्यू पेपर धरून तो कसा फडफडतो ते दाखवलं आणि म्हणाले, "मॅडम, हवा मस्त येतेय, फिल्टर चोक झालेला नाही, एवढ्यात बदलू नका." माणूस सभ्य होता आणि त्यांनी पाहिलं ते खरंही होतं. चुण्यांच्या फक्त कडा करड्या झाल्या होत्या, आतला भाग जवळजवळ पांढराच होता. हवा भरपूर येत होती. फक्त ती गाळून येत नव्हती.

त्यानंतर आपल्या विभागाची ईमेल आली : "वास येत असल्यास फिल्टरवर महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंनी सॅनिटायझर फवारून सावलीत वाळवावा." मी तोवर जादा फिल्टर बसवला होता. तोही पहिल्या मोजणीला 12 मिनिटांवर आला. महिन्याभराने आपल्या सल्ल्याप्रमाणे त्यावर सॅनिटायझर फवारला, चांगला ओला होईपर्यंत, आणि पूर्ण एक दिवस वाळू दिला. मग पुन्हा काडी ओढली. 28 मिनिटं! फिल्टर पांढराशुभ्र, दिवा हिरवागार, आणि काम मात्र आठ महिने वापरलेल्या फिल्टरइतकंच. हे असं होणार हे मला आधी कळायला हवं होतं, कळलं नाही. पण सल्ला देणाऱ्याला तरी ते ठाऊक असायलाच हवं होतं.

या फिल्टरमध्ये बहुधा वितळवून ओढलेले पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे बारीक तंतू असावेत आणि तयार होतानाच त्यांच्यावर विद्युतभार चढवलेला असावा. तंतूंमधल्या फटी धुराच्या कणांच्या कितीतरी पट मोठ्या असतात. म्हणजे ही चाळणी नाहीच. कण जवळून जाताना भारामुळे ओढला जातो आणि तंतूला चिकटतो. म्हणून तर जाळी विरळ ठेवून चालते, पंख्यावर ताण येत नाही, यंत्र आवाज करत नाही. यात गैर काही नाही, मी यंत्र घेतलं तेही ते शांत चालतं म्हणूनच. पण भार झाकला गेला की उरते ती नुसती विरळ जाळी. कोरडी धूळ बसली तर निदान पुढे साचलेले कणच नवे कण अडवू लागतात आणि घटलेली क्षमता काही अंशी भरून निघते. धूर आणि तेलकट वाफेचे थेंब मात्र तंतूवर पसरून पातळ थर धरतात. जाळी तुंबत नाही, हवा अडत नाही आणि भार तेवढा निष्प्रभ होतो. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल तर धुळीचा कणही न बसवता तो भार घालवतं.

आता आपला दिवा. तो चालू राहिल्याचे तास मोजतो की हवेचा अडथळा, हे पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी भार किती उरला आहे हे त्याला कळत नाही. आणि खोक्यावर छापलेला स्वच्छ हवेचा दर, म्हणजे यंत्र ठराविक वेळात किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, कोऱ्या फिल्टरचा आहे.

हे आपल्या क्षेत्राला नवीन नाही. इमारतींच्या वायुवीजनातल्या फिल्टरसाठी 2016 साली आलेल्या आयएसओ 16890 या आंतरराष्ट्रीय मानकात फिल्टर 24 तास आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवून त्याचा भार घालवतात, पुन्हा चाचणी घेतात आणि आधीच्या व नंतरच्या कार्यक्षमतेची सरासरी धरतात. म्हणजे जी गोष्ट प्रयोगशाळेत फिल्टर मुद्दाम निकामी करायला वापरतात, ती आपण मला देखभाल म्हणून सांगितलीत. घरगुती यंत्रांसाठीच्या 2015 च्या चिनी मानकात तर हवा शुद्ध करण्याचा दर निम्मा होईपर्यंत फिल्टरने किती मिलिग्रॅम कण पकडले, त्यावरून त्याचं आयुष्य ठरवलं होतं. आपल्या पुस्तिकेत आयुष्याचं एकच माप आहे, महिने. बंद खोलीत पुस्तकं वाचणाऱ्याचे आणि रस्त्याकडेच्या खिडकीशी राहणाऱ्याचे महिने सारखे कसे?

दोन्ही फिल्टर विनामूल्य बदलून मिळावेत. पहिला सांगितलेल्या मुदतीआधी निकामी झाला म्हणून, आणि दुसरा आपल्या सल्ल्याने खराब झाला म्हणून. सॅनिटायझरचा सल्ला ज्या ज्या ग्राहकांना पाठवला असेल त्यांना तो रद्द केल्याचं कळवावं. या फिल्टरचं माध्यम भारित पॉलिमरचं आहे की काचतंतूचं, आणि भार काढून टाकल्यावर त्याची कार्यक्षमता किती उरते, हे मला लेखी हवं आहे. ही चाचणी आपण केलीच नसेल, तर तसं लिहा.

दोन्ही फिल्टर वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करून ठेवले आहेत. तपासायला न्यायचे असतील तर न्या, पण नेताना पोच द्या आणि तपासणीचा अहवाल मला पाठवा. वहीतल्या नोंदींचे फोटो आणि आपली ईमेल सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. कृपया फोन करू नये, मागच्या वेळी फोनवर झालेल्या बोलण्याची आपल्याकडे नोंदच सापडली नव्हती.

आपली,
एक ग्राहक

सोबत : नोंदवहीच्या पानांचे फोटो, आपल्या विभागाची ईमेल, खरेदीची पावती