पंचाहत्तर टक्क्यांची अट काढू नका, अकरावीतच सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जेईई या इंजिनीअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेत चांगला रँक मिळवलेल्या मुलांच्या जागा बारावीला ७५ टक्के नाहीत म्हणून गेल्या, सबब ही अट रद्द करा, अशी पत्रे सध्या आपल्या अंकात येत आहेत. पालकांचा संताप खोटा नाही. पण मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून उभी नोकरी केली, आणि या मुलांना परीक्षेच्या टेबलापाशी फार जवळून पाहिले आहे. अट रद्द करण्याला माझा साफ विरोध आहे. राग काढायचाच तर तो कुठे काढावा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

कळव्याला आमच्याच सोसायटीत, माझ्या खालच्या मजल्यावर, असा एक मुलगा आहे. (वडिलांना विचारूनच लिहितो आहे.) वडील महापे एमआयडीसीत नोकरीला, क्लासच्या फीसाठी त्यांनी पतपेढीचे कर्ज काढलेले. मुलगा हुशार, त्यात वाद नाही. जेईईचा पहिला टप्पा असलेल्या मेनला रँक मिळाला, जोसाच्या (केंद्रीय संस्थांच्या एकत्रित प्रवेशाच्या) फेरीत राज्याबाहेरच्या एका एनआयटीत, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनीअरिंग संस्थेत, मेकॅनिकलची जागा लागली. आम्ही पेढेही खाल्ले. मग कागदपत्रांच्या पडताळणीत क्वेरी आली आणि चार दिवसांनी जागा रद्द. फिजिक्स ६३, केमिस्ट्री ५८, मॅथ्स ७६, इंग्रजी ४४ आणि ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतलेल्या आयटीत ६६. पाचशेपैकी ३०७. म्हणजे ६१.४ टक्के. घरात कुणाला पत्ताच नव्हता की हे टक्के कुणी विचारणार आहे.

खरे तर नियम सरळ आहे. आयआयटी, एनआयटी आणि जोसामार्फत भरल्या जाणाऱ्या इतर केंद्रीय संस्थांत इंजिनीअरिंगला जायचे तर बारावीला ७५ टक्के हवेत. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५. तेवढे नसतील तर आपापल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या वीस टक्के मुलांत, यावे लागते. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी एक विषय, असे पाच विषय धरतात. म्हणजे इंग्रजी ‘काढून टाकता’ येत नाही, हे तिथेच कळते.

आणि ही अट काही काल-परवा आकाशातून पडलेली नाही. २०१३ मध्ये जेईईची नवी रचना आली तेव्हा मेनच्या रँकमध्ये बारावीला तब्बल ४० टक्के वजन होते. २०१७ पासून ते वजन काढले, पात्रतेची अट तेवढी ठेवली. मधल्या कोरोनाच्या काळात, २०२० ते २०२२ या तीन वर्षांत, तीही शिथिल केली होती. २०२३ ला परत आली. घोळ नेमका इथे झाला. या मुलाचा मावसभाऊ २०२१ ला नुसत्या ‘पास’वर एनआयटीत गेला. त्यामुळे ‘अरे, असं काही नसतं, दादाला कुठे विचारलं?’ हेच घरात चालले होते. बरे, क्लासमध्ये कुणी सांगितले? तिथे तर ‘बोर्ड म्हणजे काय, शेवटच्या महिन्याचा खेळ’ हे वाक्य ऐकतच मुले मोठी होतात. जागा गेल्यावर वडील क्लासवर गेले, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी ‘आमचं काम रँकपर्यंत’ असे तोंडावर सांगितले.

वडिलांनी उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मागवल्या. पीडीएफ घेऊन ते वर माझ्याकडे आले. म्हणाले, ‘काका, तुम्ही बघा, तपासणाऱ्याने कुठे कापलेत.’ चष्मा लावून बसलो. तपासणाऱ्याने कुठेही अन्याय केलेला नव्हता. व्हीटस्टन ब्रिजच्या समतोलाची अट सिद्ध करा, असा प्रश्न. याने आकृती नाही, किरचॉफचे नियम नाहीत, थेट शेवटचे समीकरण लिहून त्याभोवती चौकट आखली होती. समीकरण बरोबर! पण प्रश्न ते सिद्ध करण्याचा होता. केमिस्ट्रीत ‘कारणे द्या’च्या पुढे एकेका शब्दाची उत्तरे. इंग्रजीत तर मुलाखतीचे प्रश्न आणि भाषण लिहायला दिलेली अख्खी पाने कोरी. मॅथ्समध्येही पायऱ्या गाळलेल्या, पण तिथे उत्तर आले की निदान निम्मे गुण पदरात पडतात. चार पर्यायांतून एक गोल काळा करायची दोन वर्षांची सवय, तीन तास ओळी लिहायच्या म्हटल्यावर हात चालेना. पुनर्मूल्यांकनाला पैसे घालवू नका, असेच मी त्यांना सांगितले.

हे मला नवे नव्हते. इंटिग्रेटेड नावाचा जो प्रकार आहे, त्यात मुलाचे नाव भिवंडी नाहीतर मुरबाडकडच्या कॉलेजात आणि मूल दिवसभर ठाण्यातल्या क्लासात. आमच्याकडेही हजेरीपटावर असलेली आणि कधीच न दिसलेली मुले होती. ती प्रॅक्टिकलच्या परीक्षेला पहिल्यांदा प्रयोगशाळेत येत. जर्नल रात्रीतून उतरवलेले, शाई सगळीकडे एकसारखी. टायट्रेशनला (द्रावण थेंबथेंब सोडून मोजण्याच्या प्रयोगाला) उभे राहिले की ब्युरेटची, त्या खुणा केलेल्या नळीची, तोटी कुठल्या हाताने धरायची इथून सुरुवात. पोटॅशियम परमँगनेटचा रंग गडद असतो, त्यामुळे त्याचे रीडिंग वरच्या कडेवर घेतात. बाकी द्रावणांचे खालच्या वक्रावर. एकदा करून पाहिलेल्या मुलाला हे आयुष्यभर सांगावे लागत नाही. ही मुले मात्र ब्युरेटकडे बघत, मग माझ्याकडे बघत. बाहेरून आलेले परीक्षक पाठमोरे असले की कुजबुजत, ‘सर, रीडिंग किती लिहू?’ यातली काही मुले जेईईच्या पेपरात त्याच टायट्रेशनवरचे गणित मिनिटभरात सोडवणारी होती, हेही खरे. म्हणून तर वाईट वाटे.

शासनाला हे माहीत नाही असेही नाही. विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी लावा, असा शासन निर्णय २०१८ सालचा आहे. मशिने बसली. पुढे त्यांचे काय झाले, ते कुठल्याही शिक्षकाला खासगीत विचारा.

आता अट रद्द करा म्हणणाऱ्यांना माझे एवढेच म्हणणे आहे की बारावीची ही शेवटची दोरी कापली तर अकरावी-बारावीचा वर्ग, प्रयोगशाळा आणि तिथली शिकवणारी माणसे यांचे कामच उरत नाही. मग कॉलेजची फी तरी कशासाठी घेता? आणि ज्यांना क्लासची फी परवडत नाही, पण बोर्डाचे पुस्तक तोंडपाठ असते, अशी मुले मी कमी पाहिलेली नाहीत. त्यांच्या त्या अभ्यासाला मग किंमत काय?

आणि बारावीचे गुण विचारणे हे काही आपल्याकडचेच खूळ नव्हे. माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिच्या मुलीला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने शाळेचे शेवटचे वर्ष चालू असतानाच प्रवेश दिला, पण तो सशर्त. शेवटच्या वर्षी जीपीए (सरासरी श्रेणीगुण) ३.० च्या खाली जाता कामा नये, कुठल्याही विषयात डी किंवा एफ या तळाच्या श्रेणी नकोत, आणि अंतिम गुणपत्रक १ जुलैपर्यंत पोहोचले पाहिजे. प्रवेश मिळाला म्हणून मुलगी सुटीच्या मूडमध्ये गेली की भाची त्या अटी तिच्यापुढे धरायची. तिकडेही गोंधळ होतातच. २०१७ मध्ये त्यांच्याच अर्व्हाइन इथल्या विद्यापीठाने ४९९ मुलांचे प्रवेश मागे घेतले. बऱ्याच जणांचा गुन्हा केवळ गुणपत्रक वेळेत न पोहोचण्याचा होता. ओरड झाली, तिथल्या चान्सलरनी माफी मागितली आणि कागदापायी अडकलेल्यांना परत घेतले. गुणच कमी पडलेल्यांना मात्र ती सवलत दिली नाही. ही विभागणी मला पटते. कागद उशिरा आला म्हणून पोराचे वर्ष घालवू नये. अभ्यासच केला नसेल तर गोष्ट वेगळी.

फरक इतकाच की तिथे अट प्रवेशाच्या पत्रासोबतच हातात पडते. आपल्याकडे ती इंग्रजी माहितीपुस्तिकेच्या पोटात, आणि ती पुस्तिका उघडली जाते रँक आल्यावर. तेव्हा बारावीचा निकाल लागून गेलेला असतो. बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे, पुन्हा बसता येते. पण पुरवणी परीक्षेचा निकाल येईपर्यंत जोसाच्या फेऱ्या आटोपतात. खालच्या मजल्यावरच्या मुलाने सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षाही दिली होती. तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून खुल्या गटात ४५ टक्के पुरतात, म्हणून नवी मुंबईतल्या एका खासगी कॉलेजात त्याला जागा मिळाली. सकाळी ऐरोलीमार्गे जातो. वर्ष वाचले, फी मात्र एनआयटीपेक्षा भारी पडली.

तेव्हा मागायचेच तर दोन गोष्टी मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर त्याची संमती घ्यायची आणि रँकसोबत त्याने नेमका कुठला कोर्स केला होता तेही सांगायचे. त्यात एक ओळ वाढवा: त्याच फोटोखाली बारावीचे गुण. तीन हात नाक्यापासून घोडबंदर रोडपर्यंतची होर्डिंग्ज मग वाचण्यासारखी होतील.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची. अकरावीचा प्रवेश आता राज्यभर एकाच पोर्टलवरून होतो. विज्ञान शाखा निवडली की ७५ टक्क्यांची अट, पाच विषय आणि सीईटीचे ४५ टक्के असा मजकूर मराठीत समोर यावा आणि तो वाचल्याची नोंद केल्याशिवाय अर्ज पुढे सरकू नये. ओटीपी बहुतेक घरांत बापाच्याच मोबाइलवर येतो, त्यामुळे ‘आम्हाला कुणी सांगितलं नाही’ म्हणायला जागा राहणार नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
कळवा, जि. ठाणे
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)