डॉक्टर मॅडम, तुम्ही वही मागून घेतलीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

मुलांना प्राण्याची वही करायला सांगणारे पुष्कळ भेटतात. ती वही उघडून मनापासून वाचणारं माणूस आम्हाला तुमच्या रूपाने पहिल्यांदा भेटलं. म्हणून हे जाहीर पत्र.

शाळेत 'माझा पाळीव प्राणी' हा प्रकल्प दरवर्षी असतो. कार्डशीट, नेटवरून प्रिंट काढून चिकटवलेली चित्रं, 'मांजर दूध पिते, उंदीर पकडते' छापाच्या दहा ओळी. घरच्या मांजराकडे एकदाही न बघता मुलाला 'छान' असा शेरा मिळतो. (दूध तर कितीतरी मोठ्या मांजरांना पचतही नाही, पोट बिघडतं.) आणि आमच्या मांजरीला, मनीला, घेऊन आधी ज्या प्राण्यांच्या दवाखान्यात जायचो, तिथे मुलांसाठी एकच वाक्य होतं : "लहान मुलांना बाहेर बसवा." मांजरासोबत दिवसभर जमिनीवर लोळणारं, तिला सर्वांत जास्त बघणारं माणूस नेमकं दाराबाहेर!

तुम्ही मुलीला वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारायला लावलीत. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. 'मनी रागावली' हे डावीकडे चालत नाही. 'कान मागे चपटे, शेपटी जमिनीवर आपटतेय' हे चालतं. राग उजवीकडे, आणि तोही प्रश्नचिन्ह देऊन, कारण खिडकीतल्या कबुतरावर डोळा असतानाही शेपटी अशीच हलते. ही एक रेघ मोठ्यांनाही जन्मभर पुरेल.

बघायची रीतही ठरवून दिलीत. दहा मिनिटं, समोर घड्याळ, दर मिनिटाला मान वर करायची आणि त्या क्षणी मांजर जे करत असेल तेवढंच एका अक्षरात लिहायचं : झोपली असेल तर 'झो', अंग चाटत असेल तर 'चा'. मधेच काही गमतीचं घडलं तर ते तक्त्याखाली वेगळं. नाहीतर पोरं फक्त उड्या लिहितात आणि वहीतलं मांजर कधी झोपतच नाही. खरं तर ते दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. बबून माकडांच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी 1974 साली वर्तनाच्या नोंदी कशा घ्याव्यात यावर शोधनिबंध लिहिला. ठरावीक क्षणी बघण्याची ही पद्धत त्यात चर्चिली आहे, आणि रानातले अभ्यासक ती आजही वापरतात. तुम्ही ती नऊ वर्षांच्या मुलीला जशीच्या तशी दिलीत. मनी पलंगाखाली असेल तर ओढून काढायची नाही, 'दिसली नाही' असं लिहायचं. रकाना कोरा ठेवला तर ती दिसली नव्हती की लिहायचं राहिलं, हे पुढे कळत नाही.

पाण्याची युक्ती तर मी भेटेल त्याला सांगते. सकाळी वाडग्यात मोजून 250 मिली पाणी घालायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं. शिवाय अगदी तसाच दुसरा वाडगा, तेवढंच पाणी घालून, मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवायचा. त्यातलं जेवढं घटेल तेवढं हवेत उडालेलं. ते वजा केल्याशिवाय उन्हाळ्यात मनी किती प्याली हे कळतच नाही. ओलं खाणं दिलं त्या दिवशी तशी नोंद हवी, कारण त्या दिवशी ती पाणी कमी पिते.

आणि श्वास. छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक. गाढ झोपेत 30 सेकंद मोजायचे आणि दुप्पट करायचे. घुरघुर चालू असेल किंवा झोपेत पंजे हलत असतील तर मोजायचं नाही, आकडा फसवतो. निरोगी मांजराचा झोपेतला आकडा साधारणपणे मिनिटाला 30 च्या आत राहतो.

मनीला काय झालं होतं, कोणतं औषध दिलंत, ते इथे लिहीत नाही. ती आता बरी आहे. मला लिहायचंय ते वेगळं. आम्ही मोठी माणसं "जरा सुस्त वाटते" असं सांगत होतो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मुलीकडे वळलात. "वही आणलीस?" पानं उलटलीत. 22, 24, 22, मग 36, 38. त्या 36 वर बोट ठेवून विचारलंत, "हे झोपेतलं की जागेपणीचं?"

"झोपेतलं. घुरघुर नव्हती."

"बरं," म्हणालात आणि ते आकडे तारखांसकट केसपेपरवर उतरवून घेतलेत. शेजारी लिहिलंत : 'नोंद – मुलगी'.

बाहेर रांग होती, कुत्री भुंकत होती. "अरे वा, हुशार आहेस" म्हणून वही मिटून परत देता आली असती, आणि आम्हाला त्यातही आनंद झाला असता. तुम्ही तिला उलटतपासणीचा प्रश्न विचारलात. आपल्या बरोबरीच्या माणसाला विचारतात तसा. तिच्या शब्दावर विसंबून उपचार ठरवलेत. मॅडम, असं वागायला पदवी लागत नाही. बँकेत, रेशनच्या दुकानात, एसटीच्या खिडकीवरही अशी माणसं भेटतात, जी मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईबापांकडे न बघता मुलाकडे बघून देतात. फार नसतात, पण असतात, आणि त्यांच्या जोरावर मुलं मोठ्यांवर विश्वास ठेवतात.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर तुम्ही लाल पेनाने लिहून दिलेलं आता आमच्या इमारतीतल्या सगळ्या मुलांनी उतरवून घेतलंय : प्राणी खात असताना किंवा झोपेत असताना हात लावायचा नाही, दोन हात अंतरावर बसायचं. चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं आणि घरात लगेच सांगायचं. लपवायचं नाही, लशीचं डॉक्टर ठरवतील. बोका सारखा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर मध्यरात्र असली तरी मोठ्यांना उठवायचं.

खालच्या मजल्यावरच्या मुलाकडे लव्हबर्डची जोडी आहे. त्यानेही वहीत रेघ मारली आहे, पण पक्ष्याचा श्वास काही केल्या मोजता येत नाही म्हणतो. त्याने त्याऐवजी काय मोजावं, तेवढं पुढच्या खेपेला सांगा.

आपली कृतज्ञ,
मनीच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलीची आई